बॅकअपची नोंद आणि पुनःस्थापनेची कसोटी

३१ जुलै २०२४ रोजी देशातील जवळजवळ ३०० लहान बँकांच्या खातेदारांना असा अनुभव आला की, खात्यात पैसे असूनही यूपीआयने ते पाठविता येत नाहीत आणि एटीएममधून काढताही येत नाहीत. या सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. तो इतरत्र पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, त्या कंपनीला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले. दुसऱ्याच दिवशी व्यवहार पूर्ववत झाले, वृत्तपत्रांनी बातमी दिली आणि विषय मागे पडला. तथापि ज्या संस्थांचे सारे दप्तर आज सर्व्हरमध्ये आहे अशा बँका, पतसंस्था, साखर कारखाने, रुग्णालये, नगरपालिका आणि छोटे-मोठे कारखाने यांच्या चालकांनी त्या दिवशी स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा होता: हे आपल्याकडे घडले असते तर आपण किती वेळात उभे राहिलो असतो आणि ते आपल्याला कशावरून ठाऊक आहे?

हा प्रश्न संचालकांच्या बैठकीत कोणी विचारलाच, तर त्याला एक ठराविक उत्तर मिळते. ‘बॅकअप रोज घेतला जातो’, असे संगणक विभागाचे प्रमुख सांगतात, इतिवृत्तात तशी नोंद होते आणि सभा पुढील विषयाकडे वळते. उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. बॅकअप घेतला जातो याचा अर्थ एवढाच की, रात्री ठराविक वेळी एक आज्ञावली चालते आणि माहितीची एक प्रत कोठेतरी लिहिली जाते. त्या प्रतीवरून संस्थेचे काम पुन्हा सुरू करता येते की नाही, ही गोष्ट वेगळी आहे आणि ती प्रत्यक्ष करून पाहिल्याखेरीज कळत नाही. या व्यवसायातील मंडळी त्या क्रियेला ‘रिस्टोअर’ म्हणतात. आपण तिला पुनःस्थापना म्हणू. आपल्याकडील बहुतेक संस्थांत बॅकअप रोज होतो आणि पुनःस्थापना कधीच होत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना द्यावयाचा सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक सल्ला या विसंगतीतूनच निघतो.

गिटलॅब या कंपनीचे उदाहरण या संदर्भात मुळापासून अभ्यासण्यासारखे आहे. जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळून ठेवणे हाच या कंपनीचा धंदा. तेव्हा तेथे जाणकारांची वाण होती असे कोणी म्हणणार नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या मुख्य डेटाबेसवरचा भार अचानक वाढला आणि त्याची दुसऱ्या सर्व्हरवर चालू असलेली जुळी प्रत मागे पडली. ती प्रत नव्याने सुरू करावी म्हणून एका अभियंत्याने त्या सर्व्हरवरील जुनी माहिती पुसण्याची आज्ञा दिली. पण तो ज्या पडद्यासमोर बसला होता तो दुय्यम सर्व्हरचा नसून मुख्य सर्व्हरचा होता. एक-दोन सेकंदांत चूक त्याच्या ध्यानी आली आणि त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट माहिती शिल्लक राहिली होती.

खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. माहिती सुरक्षित ठेवण्याच्या पाच पद्धती त्या कंपनीकडे कागदोपत्री होत्या. नित्याचा बॅकअप जेथे जमा व्हावयाचा ती जागा पाहिली तर ती रिकामी. बॅकअप घेणारी आज्ञावली ९.२ या आवृत्तीची आणि डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा; त्यामुळे ती रोज सुरू होई आणि रोज अयशस्वी होऊन थांबे. अपयशाची सूचना ई-मेलने जाण्याची व्यवस्था होती, पण त्या ई-मेलवर आवश्यक ती डिजिटल सही नसल्यामुळे टपाल-सर्व्हर त्या परत लोटत होता. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेण्याची सोय अन्य सर्व्हरांसाठी चालू होती, डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी ती सुरूच केलेली नव्हती. जुळी प्रत तर आधीच पुसलेली. अखेर कामी आली ती त्याच अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत. ती संथ डिस्कांवरून परत उतरविण्यात सुमारे १८ तास गेले आणि मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हा सारा वृत्तांत स्वतःहून प्रसिद्ध केला. अभियंत्याचे नाव मात्र प्रसिद्ध केले नाही. प्रत्येक रात्री अपयशी ठरणाऱ्या बॅकअपकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, हा दोष एका माणसाचा नव्हता, हे तिने ओळखले होते.

यातून पहिला नियम निघतो तो असा की, बॅकअप अयशस्वी झाल्याची सूचना येण्यावर विसंबून राहू नये. तो यशस्वी झाल्याची सूचना रोज यावी आणि ज्या दिवशी ती येणार नाही त्या दिवशी कोणीतरी खुर्चीतून उठावे. सूचना आली नाही म्हणजे सर्व ठीक, हा समज संगणकाच्या व्यवहारात फार महाग पडतो. प्रतीचा आकारही पाहावा. काल ४० गिगाबाइटची असलेली प्रत आज ४० किलोबाइटची असेल, तर हिरवा दिवा लागला म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. सर्व्हरमध्ये दोन किंवा अधिक डिस्कांवर तीच माहिती ठेवण्याची जी ‘रेड’ नावाची व्यवस्था असते, तिलाच पुष्कळ जण बॅकअप समजतात. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ज्या निबंधातून ही कल्पना मांडली, त्यांचा हेतू स्वस्त डिस्का एकत्र करून वेग आणि टिकाऊपणा साधण्याचा होता. एक डिस्क बिघडली तर काम थांबू नये, हे या व्यवस्थेने साधते. परंतु एखाद्या कारकुनाने चुकून खतावणी पुसली, तर ती दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. आरशातील प्रतिबिंबाने चेहऱ्याचा डाग लपत नाही, तसेच हे आहे.

या आरशाची किंमत मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने मोजली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ नावाचा संहारक प्रोग्राम बाहेर पडला आणि काही तासांत जगभर पसरला. आपल्याकडे त्याची झळ थेट न्हावा-शेवा येथे पोचली. जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम कोलमडले आणि कंटेनरांची रांग लागली. मर्स्कच्या सर्व कार्यालयांतील संगणक कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला नाही हे ज्यांना विचारत, ते ‘डोमेन कंट्रोलर’ नावाचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर विखुरलेले होते. ते एकमेकांशी सतत माहिती जुळवून घेत, म्हणून एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करता येईल असा हिशेब होता. सगळे एकाच वेळी जातील हा विचार कोणी केलेला नव्हता. इतर कित्येक सर्व्हरांचे काही दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले, पण या मूळ सूचीचा एकही सापडेना. आणि तिच्यावाचून बाकीचे उभे करून उपयोग नव्हता.

पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, घानामधील एका कार्यालयातला एक डोमेन कंट्रोलर वाचला होता, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि यंत्र जाळ्यापासून तुटले होते! तेथून इंग्लंडला ती माहिती पाठवावी तर तारेची क्षमता तोकडी. माणूस पाठवावा तर कोणाकडे ब्रिटिश व्हिसा नाही. शेवटी घानाचा कर्मचारी नायजेरियाच्या विमानतळापर्यंत गेला आणि तेथे दुसऱ्याच्या हाती त्याने डिस्क सोपविली. कंपनीचे अध्यक्ष जिम हेगमन स्नाबे यांनी २०१८ च्या जानेवारीत दावोस येथे सांगितले की, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे जाहीर केले. एवढ्या अवाढव्य संस्थेला वाचविणारी प्रत कोणाच्या दूरदृष्टीने मागे राहिलेली नव्हती.

विजेच्या कृपेने जे घानात घडले ते आपण हेतुपुरस्सर घडवून आणावे, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे. एक प्रत अशी असली पाहिजे की, जी जाळ्याला जोडलेलीच नाही. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम सर्व्हर सांभाळणाऱ्यांत आता सर्वमान्य झाला आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. (छायाचित्रकाराचे सर्वस्व त्याच्या फिल्मांत आणि फाइलींत असते, तेव्हा हा नियम संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाऐवजी त्याला सुचावा यात नवल नाही.) ‘दुसरी जागा’ या शब्दांचा अर्थ मात्र प्रामाणिकपणे लावावयास हवा. सर्व्हर तळमजल्यावर आणि प्रतीची डिस्क त्याच इमारतीतील व्यवस्थापकाच्या कपाटात, ही दुसरी जागा होत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत जे पाणी शिरले, त्याने खोल्याखोल्यांत भेदभाव केला नव्हता.

संपन्न आणि तंत्रकुशल देशही यात कसे चुकतात, ते दक्षिण कोरियात दिसले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि सातशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. त्यांतील बऱ्याचशा क्रमाने पूर्ववत झाल्या. परंतु सरकारी नोकरांनी आपली कागदपत्रे जेथे ठेवावीत म्हणून जी सामायिक साठवण उभारली होती, तिच्यातील ८५८ टेराबाइट माहिती जळून गेली. तिची अन्यत्र प्रत नव्हती. कारण आकार फार मोठा असल्याने प्रत ठेवणे व्यवहार्य नाही असे मानले गेले होते. ज्याची प्रत ठेवणे परवडत नाही ते गमावणे परवडेल काय, हा प्रश्न आग लागण्यापूर्वी विचारला गेला असता तर निदान महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय याची निवड तरी झाली असती.

आपल्याकडील एक घटना दोन्ही बाजूंनी बोलकी आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाचे सर्व्हर रॅन्समवेअरने निकामी केले आणि पुढे बरेच दिवस रुग्णनोंदणी, तपासण्यांचे अहवाल, देयके ही सारी कामे हाताने करावी लागली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, जाळ्याचे विभाग नीट वेगळे केलेले नसल्यामुळे हल्लेखोरांना शिरकाव करता आला. आणि त्याच माहितीनुसार, झळ न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची सर्व माहिती परत मिळाली. एका ठिकाणी नसलेली भिंत नडली आणि दुसऱ्या ठिकाणी असलेली कामी आली. रॅन्समवेअर चालविणाऱ्या टोळ्या आज आत शिरल्यावर प्रथम बॅकअपच शोधतात आणि तो नष्ट करून मगच खंडणीची चिठ्ठी ठेवतात. म्हणून बॅकअपच्या सर्व्हरचा पासवर्ड कार्यालयातील नेहमीच्या प्रवेशव्यवस्थेशी जोडलेला नसावा. ज्या खात्याने ॲडमिन दिवसभर ई-मेल वाचतो, त्याच खात्याने बॅकअप पुसता येत असेल, तर भिंत नाहीच असे समजावे.

आता पुनःस्थापनेच्या सरावाविषयी. याचे नाव काढताच ‘आमच्याकडे माणसे नाहीत’, असे उत्तर येते. वास्तविक प्रारंभ फार लहान असू शकतो. आठवड्यातून एकदा कोणतीही एक फाइल निवडावी आणि प्रतीवरून ती परत मिळवावी; दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. महिन्यातून एकदा मुख्य डेटाबेस चालू सर्व्हरला हात न लावता वेगळ्या यंत्रावर उतरवावा. नुसता उतरला म्हणून टाळ्या वाजवू नयेत. पतसंस्था असेल तर त्या तारखेची तेरीज काढावी आणि छापील तेरजेशी पैशापर्यंत ताडून पाहावी. हे काम संगणक विभागाने न करता लेखा विभागाने करावे, कारण आकडा बरोबर की चूक हे तोच सांगू शकतो. आणि वर्षातून दोनदा असे गृहीत धरावे की संपूर्ण सर्व्हर-खोली नाहीशी झाली आहे. मग घड्याळ लावून बसावे. प्रथम काय उभे करावयाचे? प्रवेशसूची आणि नावांवरून यंत्रांचे पत्ते सांगणारी डीएनएस व्यवस्था आधी, की डेटाबेस आधी? परवाना-क्रमांक कोठे आहेत? ज्या टेपवर प्रत आहे ती वाचणारे यंत्र अजून विकत मिळते काय? पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजारो रुमाल आज वाचता येतात, कारण कागद शाबूत आहे आणि मोडी जाणणारी माणसे अजून आहेत. संगणकाची प्रत पंधरा वर्षांतच अशी होऊ शकते की कागद आहे, पण लिपी जाणणारा कोणी उरलेला नाही.

पहिल्या सरावात हमखास फजिती होते. पासवर्डांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवलेली, तोच सर्व्हर पडलेला. सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा दूरध्वनी क्रमांक बंद पडलेल्या ई-मेलमध्ये. पुनःस्थापनेची कृती माहीत असलेला एकमेव मनुष्य रजेवर गावी. म्हणून मुख्य पासवर्ड, क्रमांक आणि कृतीचा क्रम चक्क कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून तिजोरीत ठेवावे आणि दर सरावानंतर बदलावे. कृती अशी लिहावी की, ती लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी ती पाहून काम करू शकेल. आणि दुसरा सराव त्या दुसऱ्यानेच करावा. ‘त्यांना सगळे ठाऊक आहे’, असे ज्यांच्याविषयी कौतुकाने म्हटले जाते, ते गृहस्थ संस्थेचा सर्वांत मोठा धोका असतात. यात त्यांचा अपराध काही नाही.

या सरावाचा एक लाभ सहसा ध्यानात घेतला जात नाही. सर्व्हरवरील प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत करण्याची टाळाटाळ सर्वत्र होते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती, दोन महिने ती कित्येकांनी लावली नाही. हा आळस असतोच असे नाही. दुरुस्ती लावल्यावर चालू असलेले काम बंद पडेल ही भीती त्यामागे असते आणि ती निराधार नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती आधी दोन-चार यंत्रांवर लावून एक दिवस पाहावी आणि मग सर्वत्र लावावी, हा त्यावरचा रूढ उपाय. परंतु कालची स्थिती दोन तासांत परत आणता येते हे ज्याने स्वतः करून पाहिले आहे, तोच ॲडमिन दुरुस्ती लावण्यास कचरत नाही.

‘आम्ही सर्व काही क्लाउडवर नेले आहे’, असे सांगून या साऱ्यातून सुटका करून घेण्याची प्रवृत्ती अलीकडे वाढली आहे. यंत्र चालू ठेवण्याची जबाबदारी सेवा देणारी कंपनी घेते. तुमच्या माणसाने चुकून पुसलेली किंवा तुमच्या चोरलेल्या पासवर्डाने पुसली गेलेली माहिती परत देण्याची जबाबदारी ती करारात बहुधा घेत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच कंपनीचे केंद्र जळाले, तेव्हा काही ग्राहकांना कळले की आपले सर्व्हर आणि त्यांचे बॅकअप एकाच आवारात होते. करारातील ते एक पान वाचावे, एवढेच येथे म्हणता येईल.

येथवर जे सांगितले ते ॲडमिनसाठी होते. परंतु दोन प्रश्न असे आहेत की, त्यांची उत्तरे देण्याचा अधिकार त्याला नाही आणि ती त्याच्यावर लादू नयेत. काम किती तास बंद राहिलेले चालेल, हा पहिला. आणि किती तासांच्या नोंदी गमावलेल्या चालतील, हा दुसरा. रात्री एकदाच प्रत घेतली जात असेल, तर संध्याकाळी पाच वाजता सर्व्हर गेल्यावर दिवसभराचे व्यवहार गेले, असाच त्याचा अर्थ होतो. हे चालते की नाही ते संचालक मंडळाने ठरवावे, लेखी द्यावे आणि त्यासाठी लागणारा पैसा मंजूर करावा. चार तासांत काम सुरू झाले पाहिजे असे म्हणावयाचे आणि अंदाजपत्रकातून दुसऱ्या सर्व्हरची रक्कम कापावयाची, हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास चालतो की त्यात कोणाला विसंगतीही दिसत नाही. काही बिघडले की मात्र चौकशी होते ती त्या महिना पंचवीस-तीस हजारांवर काम करणाऱ्या, सर्व्हरपासून प्रिंटरच्या शाईपर्यंत सारे पाहणाऱ्या एकट्या माणसाची.

कायद्यानेही आता वेळ बांधून दिली आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे अशा घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळवावी लागते, सर्व्हरांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळलेली असावी लागतात. हा शेवटचा नियम क्षुल्लक वाटतो. पण हल्लेखोर प्रथम कोठून शिरला हे शोधू लागल्यावर दोन सर्व्हरांच्या घड्याळांत बारा मिनिटांचा फरक निघाला, म्हणजे त्याचे मोल कळते. सहा तासांचा नियम तर तिजोरीतल्या त्या पाकिटात, कोणी आणि कोठे कळवावयाचे या तपशिलासह, पहिल्याच ओळीत लिहिलेला असावा.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. अहवालात ठेवी, कर्जे, थकबाकी, लाभांश यांचे आकडे असतात, संगणकीकरण पूर्ण झाल्याचे अभिमानाने नमूद केलेले असते आणि शेवटी दिवंगत सभासदांना श्रद्धांजली असते. त्यात आणखी दोन ओळी छापण्यास काही हरकत नसावी: संस्थेचे संपूर्ण दप्तर बॅकअपवरून परत उभे करण्याचा शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला आणि त्याला किती तास लागले. त्या ओळी छापलेल्या नसतील, तर लाभांशाच्या टक्केवारीवर वाद घालण्यापूर्वी एखाद्या सभासदाने उभे राहून ती तारीख विचारावी आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.